पाचव्याचा पंधरावा

वेळापत्रक करण्यात माझा हात धरणारं आमच्या बेटावर कोणी नाही. फेब्रुवारीत निकाल लागला आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी चार वेळापत्रकं केली. चारही रंगीत. इंग्रजी निळं, राजकीय विचार लाल, इतिहास हिरवा आणि जेवण पिवळं. पहिल्यात पहाटे पाचला उठायचं होतं आणि पाच वाजून पाच मिनिटांनी पहिला शब्द पाठ करायचा होता. प्रत्येक वेळापत्रक आखायला तीन दिवस लागले आणि मोडायलाही तीनच. इंग्रजी शब्दांच्या पुस्तकातला पहिला शब्द 'सोडून देणे' या अर्थाचा आहे. आमच्या देशातल्या लाखो परीक्षार्थींना हा एक शब्द मात्र पक्का येतो, कारण दर खेपेला सुरुवात पहिल्या पानापासून होते.

मला हांगचौच्या विद्यापीठात इतिहासात एम.ए. करायचं आहे. त्यासाठीची प्रवेशपरीक्षा डिसेंबरात झाली, त्यात मी सात गुणांनी राहिले. परीक्षा पास झालेल्याला आमच्याकडे 'किनाऱ्याला लागला' म्हणतात आणि पुन्हा बसणाऱ्याला 'दुसरं महायुद्ध लढतोय' म्हणतात. हे शब्द शहरातल्या पोरांनी काढलेले, बेटावर ते चालत नाहीत. मी भिंतीवर 'यंदा किनाऱ्याला लागणारच' असं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं, ते बाबांनी त्याच दिवशी काढून टाकलं. बाबा बोटीवर तांडेल आहेत, बोट त्यांच्याच हुकमाने चालते. बोट किनाऱ्याला लागली म्हणजे ती वाळूवर चढून फुटली, असलं अभद्र घरात नको, असं त्यांचं म्हणणं. आणि शेजारच्या छियाओ आजीने, मी दुसऱ्या महायुद्धाची तयारी करते आहे हे ऐकून, आईला बाजूला घेऊन विचारलं की पोरगी कोणाशी लढणार आहे आणि तिला बंदूक सरकार देणार की आपण घ्यायची.

आईला मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. आई धक्क्यावर बायकांबरोबर जाळी सांधते. तिची बोटं चालतात त्याच वेगाने तोंडही चालतं. तिने माझी चारही वेळापत्रकं जन्मताना आणि मरताना पाहिली होती. चौथं मेलं तेव्हा ती म्हणाली, "आ-शिया, एवढे रंग भरायचेच होते तर शाळेत चित्रकला घ्यायची होतीस."

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला दुपारी बारा वाजता आमच्याकडे मासेमारी बंद होते, ती थेट सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. सगळ्या बोटी बंदरात येऊन एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि सगळे बाबा लोक घरात येऊन बायकांच्या पायात येतात. त्या दिवशी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. आईने बोंबलाचं कालवण केलं होतं. बाबांची दुसरी वाटी संपल्यावर आईने विषय काढला.

बंदरातल्या कोल्ड स्टोरेजचा व्यवस्थापक फांग तिला भेटला होता. त्याला कार्यालयात बसायला एक शिकलेली मुलगी हवी होती. बसून काम, वर छप्पर, दुपारचं जेवण तिथलंच. त्याने पहिल्यांदा आपल्याला विचारलंय, असं आई दोनदा म्हणाली. मी म्हटलं, मला परीक्षा द्यायची आहे. आई म्हणाली, परीक्षा द्यायची आहे की वेळापत्रकं करायची आहेत ते आधी ठरू दे. मग तिने अट घातली.

"पाचव्या महिन्याच्या पंधराव्या दिवसापर्यंत एक वेळापत्रक धरून दाखव. फांगनेही उत्तर द्यायला तोच दिवस दिलाय. तोपर्यंत एकही दिवस मोडला नाहीस, तर मी त्याला नाही म्हणून कळवते आणि वर्षभर तुझ्या वाटेला जात नाही. मोडलंस, तर तू कोल्ड स्टोरेजला. मग रडायचं नाही."

मी मनात हिशेब केला. आज मेची एक, म्हणजे फक्त दोन आठवडे. आईने इतकी सोपी अट घालावी याचं मला नवल वाटलं. नवल वाटलं की विचारून घ्यावं, हे शहाणपण मला नव्हतं. मी घाईघाईने हो म्हटलं. पुढच्या सात महिन्यांचं आयुष्य दोन आठवड्यांत सोडवून घेता येणार होतं. हो कोण म्हणणार नाही?

तयारीला आईने दोन दिवस दिले. मी पाचवं वेळापत्रक करायला बसले. बाबा घरात बिनकामाचे फिरत होते. दोन दिवसांत त्यांनी तीन नळ दुरुस्त केले, त्यातला एक चांगला चालू होता. मग ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ कागदाकडे पाहून म्हणाले, "यात भरती-ओहोटी कुठाय?"

मी म्हटलं, हा अभ्यास आहे, मासेमारी नाही. ते म्हणाले, ते दिसतंय, पण रोज चौदा तास, सोमवारपासून रविवारपर्यंत एकसारखे, हे कुठल्या समुद्रात असतं ते सांग. मला राग आला. चार वेळा तोंडावर पडलेल्या माणसाला हा प्रश्न फार लागतो. मी म्हटलं, सगळे असंच करतात. बाबा म्हणाले, सगळे करतात म्हणून तू करतेस, आणि तिसऱ्या दिवशी झोपतेस.

मग त्यांनी खिशातून भरतीचं पुस्तक काढलं. तळहाताएवढं, माशांच्या वासाचं. ते माझ्या रंगीत कागदावर ठेवून त्यांनी मला तेच सांगितलं जे बेटावरच्या प्रत्येक पोराला सांगतात आणि जे मी निंगबोला चार वर्षं शिकायला राहून विसरले होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी उधाणाचं. तेव्हा लांब जायचं, जाळं टाकायचं, झोपेचं नाव काढायचं नाही. आमच्या तिथी अमावास्येपासून सलग तीसपर्यंत मोजतात; त्यातली आठवी आणि तेविसावी आली की पाणी भांगाचं, ना धड चढत ना धड उतरत. तेव्हा जाळी सांधायची, इंजिन पुसायचं, झोपायचं. आणि एखाद्या दिवशी भरती हुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन भरत्यांचे मासे आणायचे असं कोणी म्हणत नाही. गेलेलं पाणी गेलं.

हे शेवटचं मला पटलं, कारण माझी चारही वेळापत्रकं नेमकी तिथेच बुडाली होती. पहिल्या दिवशीचे दोन तास राहायचे, ते दुसऱ्या दिवसावर चढायचे, तिसऱ्या दिवशी अठरा तास व्हायचे, आणि अठरा तासांपुढे माणसाला झोपच येते.

बाबांनी पेन मागून घेतलं आणि स्वतःच आखायला सुरुवात केली. त्यांनी अभ्यासाची वेळ रोज भरतीबरोबर पाऊण तास पुढे ढकलली. मी गणित करून दाखवलं की अशाने दहा दिवसांनी माझा इतिहास दुपारी चारला सुरू होईल, आणि डिसेंबरात पेपर मात्र सकाळी साडेआठलाच असतो, चंद्र कुठेही असो. त्यावर ते ओसरीवर जाऊन एक सिगारेट ओढून आले.

"बरं," ते म्हणाले, "मग घड्याळ त्यांचं, चंद्र आपला."

असं ते वेळापत्रक झालं. बसायचं रोज सकाळी साडेआठलाच. पण किती वेळ बसायचं ते तिथीवर. उधाणाच्या दिवसांत दहा तास आणि नवे धडे. भांगाच्या दिवसांत चार तास आणि एकही नवं पान नाही, फक्त चुकलेल्या उत्तरांची वही घेऊन जाळी सांधायची. राहिलेलं दुसऱ्या दिवशी न्यायचं नाही. एकाच रंगात, बाबांच्या वाकड्या अक्षरात. मला ते भिंतीवर लावायची लाज वाटली. आईने वाचलं आणि म्हणाली, यात तुझं फक्त नाव आहे. पण चालेल म्हणाली, आणि तिनेच ते चार टाचण्यांनी भिंतीवर लावलं.

तीन तारखेला सुरुवात झाली तेव्हा भांग होता, म्हणजे चारच तास. मला गुन्हा केल्यासारखं वाटत होतं. साडेबाराला उठून मी अंगणात आले तर आईने सूर्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. पण चौथ्या दिवशी मी साडेआठला बसले, पाचव्या दिवशीही बसले, हे माझ्या आयुष्यात नवं होतं. मग अमावास्या आली आणि पाणी चढलं. दहा तास सोपे नव्हते, पण ते पाच-सहा दिवसांनी संपणार आहेत हे माहीत होतं. मी मिंग घराणं घेतलं होतं. बाबा दाराशी जाळं घेऊन बसायचे आणि मी पाठ करत असले की ऐकायचे. मिंग सम्राटांनी किनाऱ्यावर समुद्रबंदी घातली होती, बोटी बाहेर काढायला मनाई होती, हे ऐकून त्यांचे हात थांबले.

"त्यांच्याकडेही मासेमारी बंद असायची? किती महिने?"

मी म्हटलं, जवळजवळ दोनशे वर्षं. आत जाऊन बाबांनी आईला सांगितलं की साडेचार महिन्यांबद्दल मी यापुढे तक्रार करणार नाही.

दर संध्याकाळी आई येऊन वही बघायची. तिला इतिहासातलं काही कळत नाही, पण कोरं पान आणि भरलेलं पान यातला फरक कळतो. ती काही बोलायची नाही. न बोलणं ही आमच्याकडे फार मोठी शाबासकी आहे. छियाओ आजी कुंपणावरून विचारायची, युद्ध कुठवर आलं? मी म्हणायचे, मिंगपर्यंत. तिला वाटायचं ते एखाद्या गावाचं नाव आहे.

आणि पंधरा तारीख आली. मी चार तास पुरे केले, वही मिटली, आणि मला रडू आलं. सात गुणांनी राहिल्यापासून मी स्वतःला दिलेला एकही शब्द पाळला नव्हता. हा पाळला होता. आई धक्क्यावरून उशिरा आली, नेहमीसारखी वही पाहिली आणि नेहमीसारखी काही बोलली नाही. मला वाटलं, ती हार मान्य करायला लाजते आहे. मी मोठ्या मनाने तिला माफ केलं.

सोळाला मी दहापर्यंत झोपले. आई धक्क्यावर आणि बाबा बोटीचं इंजिन पुसायला गेले होते. उठून केस धुतले. शेजारच्या बेटावर माझी शाळेतली मैत्रीण रुओलान राहते, तिला भेटायचं ठरवलं. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून सुके बोंबील घेतले, आणि ते गुंडाळायला समोर दिसला तो कागद भिंतीवरून काढला. काम झालेलं वेळापत्रक, वाकड्या अक्षरातलं. मला त्यात काहीच वाईट वाटलं नाही. मी फेरीबोटीने गेले, रुओलानकडे शेवया खाल्ल्या, दोघी मनसोक्त हसलो आणि तीन वाजता गुणगुणत घरी आले.

आई दारात उभी होती. तिच्यामागे भिंतीवर चार टाचण्या होत्या आणि मध्ये काही नव्हतं.

"कुठाय ते?"

मी सांगितलं, ते रुओलानकडे आहे, बोंबलांभोवती. आईने डोळे मिटून घेतले. मग तिने विचारलं, आज किती वाजता बसलीस. मी म्हटलं, आज कशाला बसू, काल पंधरा झाली की. पाचव्या महिन्याची पंधरा.

"काल?" आई म्हणाली. "अगं बये, पाचवा महिना अजून लागायचाय. आज चौथ्याची नववी."

आमच्याकडे महिन्यांना नावं नसतात, आकडे असतात, आणि मे महिन्यालाही पाचवाच म्हणतात आणि चंद्राच्या पाचव्यालाही पाचवाच. विद्यापीठात, सरकारात, फोनवर पाचवा म्हणजे मे. धक्क्यावर, बाजारात, बोटीवर पाचवा म्हणजे चंद्राचा. आईने जन्मात कधी चंद्राशिवाय दुसरा मोजला नव्हता. तिच्या पंधराव्याला अजून पस्तीस दिवस होते, आणि मी अट मोडून, वेळापत्रक माशांना गुंडाळून, शेवया खाऊन आले होते.

मी भांडले. म्हटलं, तू तिथी सांगायला हवी होतीस. ती म्हणाली, तू तांडेलाची पोर, तुला तिथी सांगायची? बाबा मध्ये पडले. आज भांग आहे, आजचे चारच तास होते, अजून संध्याकाळ आहे, असं काहीसं ते म्हणाले. आईने त्यांना एवढंच विचारलं की साडेआठ हे कोणाचं घड्याळ होतं. बाबा पुन्हा जाळ्याकडे वळले.

आई अटीला पक्की. तिने फोन काढला आणि माझ्यासमोरच फांगला लावला. पोरगी उद्यापासून येईल, हे ती सांगणार होती. मला पळून जावंसं वाटलं. खरं तर नाही, मी तिथेच उभी राहिले. आई फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवते, त्यामुळे पलीकडचं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"मावशी, तुम्ही काल का नाही केलात?" फांग म्हणाला. "पंधरा काल झाली. संध्याकाळपर्यंत तुमची वाट बघितली मी. आज सकाळी लिन मास्तरांच्या सुनेला बसवलं."

"पंधरावा?" आई म्हणाली. "कोणता पंधरावा?"

"पाचव्या महिन्याचा. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं."

आईने फोन बंद केला. बाबा जाळ्याच्या ढिगावर बसले होते, ते हसू लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग ते आडवेच झाले. आईने त्यांना एक शिवी दिली, जी मी इथे लिहीत नाही, आणि ती धक्क्याकडे निघून गेली.

मी जिंकले होते. नोकरी गेली होती, आणि तीही आईच्या चुकीने. मला नाचायला हवं होतं. पण मी दारातच बसून राहिले. आता डिसेंबरापर्यंत माझ्यासमोर परीक्षेशिवाय काहीच उरलं नव्हतं, आणि ते मला हवं होतं असं मी तीन महिने सगळ्यांना सांगत होते.

थोड्या वेळाने मी धक्क्यावर गेले. आई एकटीच जाळं मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी बसले आणि जाळ्याची एक बाजू धरली. ती माझ्याकडे न बघता बोलली.

"निकाल लागला तेव्हा तू अकरा दिवस जेवताना एक शब्द बोलली नाहीस. अकरा. मी काय करायचं होतं? मला त्यातलं काही कळत नाही. पुन्हा तसंच झालं तर तुला सकाळी उठून जायला एक जागा असावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि तीही मी घालवली."

मला वाटत होतं आईचा माझ्यावर विश्वास नाही. ती घाबरली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि माझ्याही तोंडून मग खरं निघालं.

"मलाही ती जागा हवी होती, आई. म्हणजे पुन्हा राहिले असते तर नोकरीमुळे राहिले असं सांगता आलं असतं. तू फोन लावलास तेव्हा अर्धी मी म्हणत होते, लाग बाई, लवकर लाग."

आईची सुई थांबली. मला वाटलं आता ती ओरडेल. पण ती म्हणाली, "हे तू पहिल्यांदाच अभ्यास केल्यासारखं बोललीस." मग तिने जाळ्याचा एक कोपरा माझ्या अंगावर टाकला आणि गाठ कशी मारतात ते दाखवलं. माझी गाठ सुटली. तिने पुन्हा दाखवलं. चौथ्या खेपेला राहिली.

संध्याकाळी बाबांनी नवं वेळापत्रक आखलं, या वेळी थेट डिसेंबरपर्यंत. ते इतकं लांबलचक झालं की दोन कागद चिकटवावे लागले. आईने प्रत्येक ओळीला तारीख आणि तिथी दोन्ही लिहायला लावलं आणि स्वतः शेजारी उभं राहून एकेक तपासलं. अट कसलीच घातली नाही. मोडलं तर काय, हे कोणी विचारलं नाही आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडेआठला बसले. बघायला कोणी येणार नव्हतं, वही दाखवायची नव्हती, आणि बसणं पहिल्यापेक्षा जड गेलं. दहा मिनिटांनी दार उघडलं. आई धक्क्यावर गेली नव्हती. तिने एक स्टूल आणलं, मांडीवर जाळं घेतलं आणि खिडकीखाली बसली.

"मी इथेच काम करते," ती म्हणाली. "बोलले तर सांग, गप्प बसेन."

मी विचारलं, किती दिवस बसणार आहेस?

"पेपर होईपर्यंत," आई म्हणाली. "तुझ्या तारखेने."